बायाक्काच्या वायफायचा काटा

बेळगुंदीच्या त्या गल्लीत बायाक्काच्या घरचं विरजण न लागलेलं दही कुणी खाल्लं असेल, तर ते चोरूनच खाल्लं असेल. गोठ्यात दोन म्हशी आणि दारात सकाळ-संध्याकाळ वाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया, असं ते घर. चमचाभर विरजण वाटीत टाकायला कितीसा वेळ लागतो? बायाक्काला अर्धा तास लागायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचं रेडकू दगावलं, रताळ्याचा दर बेळगावात कुणी पाडला, हे सगळं आधी वाटीत पडायचं आणि मग विरजण. घरी चुलीवर दूध उतू जातंय हे माहीत असूनही बाया हलायच्या नाहीत, कारण बायाक्का ज्याची नक्कल करायची तो माणूस समोर उभा राहायचा.

तिचा नवरा शामू आप्पा. हा गडी दिवसाकाठी चार शब्द बोलायचा, आणि त्यातले दोन म्हशींच्या वाट्याला जायचे. दोघांच्या वाटणीचं बोलणं बायाक्काच बोलते असं गल्लीत म्हणायचे, आणि ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "मग? घरात कुणीतरी नको व्हय?"

मुलगा मंथन उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. त्याची बायको मनिषा शहापुरातली, विणकराच्या घरची. मागाच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली पोरगी, त्यामुळं ती साधं 'मीठ द्या' म्हणाली तरी तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. खेड्यातल्या लोकांना वाटलं, आता ह्या सासू-सुनांची जुंपणार. झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात दोघी भाकरी थापता थापता अशा हसल्या, की तव्यावरची भाकरी करपली आणि शामू आप्पानं ती मुकाट्यानं खाल्ली.

मनिषा बेंगळूरच्या एका कंपनीचं काम घरात बसून करायची. दुपारी लॅपटॉप उघडायची, कानाला यंत्र लावायची आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुठल्या कुठल्या लोकांची तोंडं बघत त्यांच्या अडचणी सोडवायची. त्यासाठी घरात वायफाय घेतलं होतं. गल्लीतलं पहिलं. डबा बसवून झाल्यावर बाजूच्या घरातली मालुबाई बघायला आली आणि जरा ओशाळून म्हणाली, "बायाक्का, माझ्या फोनला पण लागंल काय गं ते?"

"लागंल की. विरजण दिलं म्हणून आमचं दही कमी झालंय व्हय कधी?"

आता ह्यात तिचं काय चुकलं? आयुष्यभर तिनं चमचा चमचा दिलं होतं आणि मडकं भरलेलंच राहिलं होतं. वायफायचंही तसंच असणार, हे तिनं मनाशी धरलं आणि मालुबाईला पासवर्ड सांगितला. मग मष्णूला. तो गल्लीच्या टोकाचा, दूध डेअरीवर माप घेणारा. मग मष्णूच्या भावाला, भावाच्या मेहुण्याला, आणि मेहुण्याबरोबर सहज आलेल्या माणसाला. पासवर्ड तिचंच नाव होतं आणि पुढं एक-दोन-तीन-चार, त्यामुळं विसरायची सोयच नव्हती.

घरापुढं एक लांबलचक कट्टा होता. तिथं वायफाय चांगलं पोचायचं. संध्याकाळ झाली की लोक येऊन टेकायचे. बायाक्काला वाटायचं, आपल्या बोलण्याला आता काय गोडी आलीय बघा, माणसं घरं सोडून यायला लागली. ती उंबऱ्यावर बसून बोलायची, लोक माना खाली घालून 'व्हय, व्हय' म्हणायचे, आणि सगळं छान चाललं होतं.

तसं एका सोमवारी मनिषा डोळे पुसतच माजघरातून बाहेर आली.

"आत्ती, मिटिंग परत अडकली. माझं तोंड उघडं राहिलं तसंच दिसालतं म्हणं सगळ्यांना. आन् साहेब म्हणाला, आता बास."

साहेबाचं म्हणणं असं, की येत्या शुक्रवारी संध्याकाळी, भर कामाच्या वेळेत, कंपनीनं दिलेल्या लिंकवर नेटचा स्पीड तपासायचा आणि त्याचा फोटो सातच्या आत पाठवायचा. पन्नासच्या खाली आला, तर पुढच्या महिन्यापासून बेंगळूरच्या हापिसात येऊन बसायचं. मग मंथनही तिकडंच काम बघणार, हे ओघानंच आलं.

बायाक्का त्या दिवशी पहिल्यांदा शामू आप्पाइतकी गप्प बसली. भाकरीचं काय, तिनं जन्मभर थापल्या होत्या, पुढंही थापल्या असत्या. पण भाकरी थापताना हसायचं कुणाबरोबर? मनिषा येण्याआधी ती घरात भिंतींशी बोलायची आणि भिंती शामू आप्पावर गेलेल्या होत्या. सून गेली तर आपण वाळून जाऊ, हे तिला अगदी स्वच्छ कळलं, आणि कळल्यावर तिचा संताप झाला.

"दाव बघू तो स्पीड कसा बघत्यात ते."

मनिषानं लॅपटॉपवर ते उघडलं. पडद्यावर एक गोल, त्यात काटा. बटण दाबलं, काटा जरासा उठला, थरथरला आणि परत जमिनीला टेकला.

"ह्यो किती?"

"तीन."

"आन् आपण घेतलंय कितीचं?"

"शंभरचं."

"मग सत्त्याण्णव कुठं गेलं?"

सत्त्याण्णव त्या वेळी कुठं होतं ते बायाक्काला दाराबाहेर नुसती मान काढली असती तरी दिसलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढं काटा होता. बेळगावच्या बाजारात रताळी विकून तिची अर्धी हयात गेलेली. काटा खाली राहिला म्हणजे समोरच्यानं काटा मारला, ह्यापलीकडं दुसरा अर्थ तिला माहीतच नव्हता.

"दे फोन. नेटवाल्याला मीच बोलते. कन्नडात बोलते, म्हंजे नीट समजंल त्याला."

मनिषा म्हणाली, मराठी बोलणारंही कुणी असेल, मी लावते. बायाक्कानं ऐकलं नाही. तिला आपल्या बाजारातल्या कन्नडचा फार अभिमान. त्या कन्नडवर तिनं गोकाकच्या व्यापाऱ्यांना रडवलं होतं. तिकडून एका पोरीचा आवाज आल्याबरोबर तिनं सुरुवात केली.

"नूरु बरबेकु री. बरे मूरु बरतैती." म्हणजे, शंभर यायला पाहिजे बाई, नुसतं तीन येतंय.

आता कन्नडात शंभराला नूरु आणि तिनाला मूरु. बाजारात समोरासमोर बोलताना बोटं दाखवता येतात. फोनवर बोटं कुठली? त्यात तो फोनही ह्याच वायफायवरून लागलेला, आवाज तुटत तुटत चाललेला.

"नूरु बरतैती?" पोरगी खूश होऊन म्हणाली. "चलो आत्रि!" छान झालं म्हणे, आणि फोन ठेवला. लगेच मोबाइलवर निरोप आला, तुमची तक्रार दूर झाली, समाधान झाल्याबद्दल धन्यवाद.

बायाक्कानं परत लावला. ह्या वेळी दुसरी पोरगी. बायाक्का पोटातून ओरडली, "नूरु अल्ला, मूरु, मूरु!" शंभर नव्हे, तीन, तीन. पोरीला ऐकू आलं तीन नव्हे, शंभर, शंभर. तिनं अभिनंदन केलं. परत धन्यवादाचा निरोप. संध्याकाळपर्यंत बायाक्काचं इतक्यांदा समाधान झालं, की शेवटी तिला रडू यायचं बाकी राहिलं. मनिषा मात्र तोंडात पदर कोंबून बसली होती. रडावं अशी तिचीच पाळी, पण तिला हसू आवरेना. तिला बघून बायाक्काही फुटली, आणि हसता हसता दोघींच्या लक्षात आलं की हे असलं पुढच्या महिन्यापासून नाही. मग दोघीही थांबल्या.

मंगळवारी मनिषानंच मराठीत फोन केला. संध्याकाळी नेटवाल्यांचा माणूस आला, सौरव म्हणून, हिंडलग्याचा. मोटारसायकल लावून तो दारापर्यंत आला, तिथं थबकला, पायातले बूट हळूच काढले आणि आत येऊन अगदी दबक्या आवाजात विचारलं, "आक्का, कोण वारलं?"

"तुझ्या तोंडात माती. कोण वारलं म्हंजे?"

"न्हवं, बाहेर कट्ट्यावर एवढी माणसं माना खाली घालून बसल्याती. कोण बोलंना झालंय. मला वाटलं..."

बायाक्का उठून दाराशी गेली. मालुबाई, मष्णू, मष्णूचा भाऊ, मेहुणा, पार टोकापर्यंत रांग. एकेकाच्या तोंडावर निळा उजेड. त्या क्षणी तिला तिचे सत्त्याण्णव दिसले.

सौरवनं आपला जुना लॅपटॉप काढला, डब्याचं वायफाय बंद केलं, वायर सरळ जोडली. बाहेर कट्ट्यावर एकदम हालचाल झाली, सगळ्या माना वर आल्या. आत काटा सरसर चढून पार पलीकडं जाऊन टेकला. मनिषाच्या कंपनीच्या लॅपटॉपला वायर घालायचं भोकच नव्हतं, नाहीतर कथा इथंच मिटली असती.

"नेट झकास हाय, आक्का. पासवर्ड बदला, दुसरं काय न्हाय."

दुसरं काय नाही म्हणे. पासवर्ड बदलायचा म्हणजे उद्या मालुबाई येऊन नवा विचारणार. मग तिला तोंडावर 'देत न्हाय' म्हणायचं? ज्या बाईच्या दारातून वाटी रिकामी गेली नाही, तिनं? मनिषा म्हणाली, मी सांगते सगळ्यांना. "तू सांगितलंस तर सासूनं सांगायला लावलं म्हणतील, आन् मी सांगितलं तर सुनेनं शिकवलं म्हणतील," बायाक्का म्हणाली. तिनं हनुवटीला बोट लावलं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. हे चमकलं की गल्लीत कुणाची तरी फजिती व्हायची, हे मनिषाला ठाऊक होतं.

"मनी, पासवर्ड ह्यांचं नाव ठेव."

"शामू? ते तर सगळ्यांना म्हाईत हाय."

"ते गावाचं नाव. माझ्या तोंडातलं येगळं हाय." आणि तिनं सुनेच्या कानात सांगितलं.

ती नवऱ्याला एकांतात राघू म्हणायची. चार शब्दांच्या माणसाला राघू! मनिषा भिंतीला टेकून हसली. सौरवचा फोन घेऊन तिनं ते टाइप केलं, तर फोन म्हणे एवढ्यानं भागत नाही, निदान आठ अक्षरं पाहिजेत.

"मग दोनदा घाल," बायाक्का म्हणाली. "तशी मी हाक दोनदाच मारते."

बुधवारी सकाळी पहिली वाटी घेऊन मालुबाई आली आणि विरजण घेऊन झाल्यावर म्हणाली, "बायाक्का, वायफाय लागंना झालंय बघ."

"पासवर्ड बदललाय न्हवं. विचार की, सांगते."

"काय हाय?"

"ह्यांचं नाव." एवढं म्हणून बायाक्कानं पदर तोंडाला लावला आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली. "आता तूच सांग, मी कसं घेऊ गं?"

मालुबाईनं स्वतः आजवर नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं, त्यामुळं तिला बोलायला जागाच उरली नाही. तिनं घरी जाऊन शामू घातलं, शामराव घातलं, शामूआप्पा घातलं. मष्णूनं रेशन कार्डावरचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट घालून बघितलं. दुपारपर्यंत गल्लीला शामू आप्पाचं अख्खं खानदान पाठ झालं, पण आत कुणी शिरला नाही. मग चार बाया मिळून आल्या आणि म्हणाल्या, सरळ सांगता येत नसंल तर उखाण्यात घे. बायाक्का म्हणाली, व्हय, ते चालंल. घसा साफ केला आणि घेतला:

"शहापुरी साडीला जरीचा काठ,
ह्यांचं नाव घेते, आता सोडा माझी पाठ."

"ह्ये नाव न्हवं," मालुबाई चिडून म्हणाली.

"घेतलं की गं. तुला ऐकू आलं न्हाय, त्याला मी काय करू?"

दोन दिवस बायाक्कानं असे मजेत काढले. कुणाला नाही म्हटलं नव्हतं, कुणाला दिलंही नव्हतं. मनिषानं रोज काटा बघितला, नव्वदच्या वर. शुक्रवारची आता चिंताच नव्हती. चिंता एकाच माणसाला लागली होती. गल्ली बायाक्काचा नाद सोडून शामू आप्पाच्या मागं लागली होती. डेअरीवर, गोठ्याशी, शेताच्या बांधावर, जो भेटेल तो विचारायचा, आप्पा, तुमचं खरं नाव काय? बिचाऱ्याचे दिवसाचे चार शब्द 'शामू, शामू' म्हणण्यातच संपायला लागले.

गुरुवारी रात्री जेवता जेवता त्यानं बायकोला विचारलं, "काय ठेवलंयस?"

"तुमचं नाव."

"शामू न्हाय म्हणत्यात."

"ते न्हवं. माझ्या तोंडातलं. दोनदा."

शामू आप्पाचा घास हातातच राहिला. चुलीच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले बायाक्कानं बघितले. तो उठला, हात धुतला, गोठ्यात गेला, आणि बराच वेळ आला नाही. बायाक्काच्या मनाला जरा लागलं. चारचौघांत नसलं तरी यंत्रात घातलं होतं तिनं ते. रागावला असेल तर त्याला रागावताही कुठं येत होतं?

तो रागावला नव्हता, हे कळलं ते शुक्रवारी, आणि ते कळायला नको होतं असं म्हणायची पाळी आली.

झालं असं. शुक्रवारी सकाळी डेअरीसमोर सौरव खांबावरची वायर बघत होता. शामू आप्पा दुधाची किटली खाली ठेवून त्याच्याजवळ गेला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, की फोनवर वायफायचं म्हणून जे नाव दिसतंय, ते बदलता येतं काय. सौरव म्हणाला, येतं की, इथनंच करतो, काय ठेवू? शामू आप्पानं एक शब्द सांगितला, किटली उचलली आणि चालू लागला. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं बायकोला कधी गजरा आणला नव्हता. आता मनात आलं, तर ते असं.

दुपारी मष्णू सवयीनं फोन चाळत कट्ट्यावर बसला होता. बायाक्काच्या वायफायचं नेहमीचं नाव यादीतून गेलेलं, त्या जागी नवीनच काहीतरी. त्यानं वाचलं: मैना.

मष्णू काही फार हुशार माणूस नव्हे, पण मैनेचा कोण हे कळायला हुशारी लागत नाही. त्यानं राघू घातलं. आठ अक्षरं पाहिजेत म्हटल्यावर दोनदा घातलं. आणि मग त्यानं जी आरोळी ठोकली ती गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेली.

संध्याकाळी मनिषानं लॅपटॉप उघडून 'मैना'ला जोडला आणि लिंक लावली. काटा उठला, थरथरला आणि खाली बसला. चार.

तिनं डबा बंद करून परत चालू केला. गल्लीतले फोन तिच्या लॅपटॉपच्या आधी आत शिरले. सौरवला फोन केला, तर तो हिंडलग्यात खांबावर चढलेला. "वयनी, उतरल्यावर करतो," म्हणाला आणि वाऱ्याचा आवाज आला. मंथन कामावर. सात वाजायला थोडाच अवकाश होता. मनिषा खुर्चीत मागं टेकली आणि म्हणाली, "जाऊ दे आत्ती. वर्षभर जाऊन येते. दिवाळीला येईनच की."

ती हे हळू आवाजात म्हणाली. शहापूरच्या मागांत वाढलेली पोरगी हळू बोलली, ह्याचंच बायाक्काला भ्या वाटलं. ती उठली आणि दारात गेली. कट्टा भरलेला होता. मालुबाई गालातल्या गालात हसून म्हणाली, "काय गं मैना? राघू कुठं हाय?" आणि कट्टाभर खसखस पिकली.

बायाक्काकडं ह्याला दहा उत्तरं होती. एकही दिलं नाही.

"मालुबाई, फोन ठेव. सगळ्यांनी ठेवा. तुमच्या फोनानं माझ्या सुनेचं काम अडलंय. आत्ता काटा वर गेला न्हाय तर पोरगी बेंगळूरला जाणार. मला ती जायला नको हाय."

मग मष्णूचा भाऊ म्हणाला, "किती येळ?"

"मी सांगीपतोर."

माणसांनी फोन खिशात घातले, बायांनी कमरेला खोचले. मालुबाई म्हणाली, "आधी सांगायचं न्हाय व्हय? उखाणे कसले घालत बसलीस." पण सवय वाईट. थोडा वेळ गेला आणि मेहुण्याचा हात आपोआप खिशाकडं चालला. बायाक्कानं ते बघितलं. आत काटा अजून फिरत होता. ही माणसं धरून ठेवायला नक्कल पुरली नसती, म्हशींच्या गोष्टी तर त्यांना पाठ होत्या. आता एकच गोष्ट शिल्लक होती, जी ह्या कट्ट्यावर कुणीही ऐकलेली नव्हती आणि सगळ्यांना ऐकायची होती.

"राघू का म्हणते, ते ऐकायचंय?"

मेहुण्याचा हात थांबला.

बायाक्का उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली. लग्न होऊन ती ह्या घरात आली, तेव्हा नवरा बोलतच नव्हता. एक दिवस झाला, चार झाले, पंधरा झाले. तिला वाटलं, मुका गळ्यात बांधला. माहेरी जाऊन बापाला विचारायचं ठरवून तिनं लुगडीसुद्धा बांधून ठेवली. सुगीचे दिवस होते. सासूनं दोघांना भाताच्या शेतावर राखणीला पाठवलं. ही बांधावर बसून एकटीच बडबडत होती, तर एकाएकी पिकावर राघूंचा थवा उतरला, आणि हा मुका माणूस उभा राहून असा ओरडला, की तिच्या हातातली भाकरी खाली पडली.

"माझ्याशी बोलायच्या आधी ह्यो माणूस राघूंशी बोलला," बायाक्का म्हणाली. "मग मी म्हटलं, जा, तू राघूच."

कट्टा हसून लोळला. मालुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. फोनची कुणालाच आठवण राहिली नाही.

"तसं न्हाय ते."

सगळ्यांनी वळून बघितलं. गोठ्याच्या दाराशी शामू आप्पा उभा होता, हातात गवताची पेंडी.

"तसं न्हाय झालतं," तो म्हणाला. आता ह्याचे आजचे शब्द संपले असणार, असं प्रत्येकाला वाटलं. तो मात्र पेंडी खाली ठेवून कट्ट्याजवळ आला. "राघू नंतर आले. आधी मी तिला हाक मारली. मैना म्हणून. तीनदा मारली. ही आपली बोलत होती, हिला कुठली ऐकू जातीय. मग चौथ्यांदा जोरात मारली, तवा राघू उडाले. आन् हिला वाटलं, मी राघूंनाच ओरडलो."

बायाक्काचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मग हे आजवर सांगायचं न्हाय काय, आप्पा?" मालुबाईनं विचारलं.

"सांगणार कवा? ही थांबली कुठं." मष्णूनं सरकून जागा केली, तसा शामू आप्पा कट्ट्यावर बसला आणि त्या सुगीत पुढं काय झालं ते सांगायला लागला.

मनिषा दारात आली. "आत्ती, चौऱ्याण्णव," ती म्हणाली. कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणून ती शहापूरच्या आवाजात म्हणाली, "आत्ती, पाठवला फोटो. साहेब चालंल म्हणाला. मी जात न्हाय."

बायाक्कानं वर न बघताच तिचा हात धरला आणि तिला ओढून शेजारी बसवलं. "बस गं गप जरा, ह्ये काय सांगत्यात ते ऐकू दे," ती म्हणाली. सुनेचा हात मात्र तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला आणि शामू आप्पाचं बोलणं संपेपर्यंत सोडला नाही.